पाचवी संधी

उत्तरपत्रिका तपासून मुलांच्या हाती दिल्या की पुढची दहा मिनिटे वर्गात काय होते, हे शिक्षकी पेशात आयुष्य घालवलेल्याला सांगावे लागत नाही. मुले बेरीज करीत बसतात. "सर, माझे दोन मार्क कमी धरलेत," असे म्हणत चार-पाच जण टेबलाभोवती जमतात. त्यांतले निम्मे तरी खरे असतात. रात्री जागून पन्नास-साठ पेपर तपासणाऱ्याची बेरीज कुठेतरी चुकणारच. पण आमच्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत "सर, माझे दोन जास्त झालेत" असे सांगायला आलेली मुले एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांना आम्ही लबाड म्हणत नाही. चूक आम्ही केली होती, त्यांनी नाही. आम्ही दिलेले मार्क त्यांनी ठेवून घेतले, इतकेच. पण "इतकेच" म्हणून प्रश्न मिटतो का? दुसऱ्याच्या चुकीने आपल्या पदरात पडलेली गोष्ट आपली होते का? आणि होत नसेल, तर ती परत करायची कोणी? चूक करणाऱ्याने, की जिच्या पदरात ती पडली त्याने?

हा प्रश्न पुन्हा डोक्यात घोळू लागला तो एका भलत्याच निमित्ताने. आमचा एक भाचा अमेरिकेत, मिझुरी राज्यात शिकायला होता. ईदला घरी आला तेव्हा शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन त्याने तिकडच्या कॉलेज फुटबॉलच्या गोष्टी सुरू केल्या. "मामू, आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे हा," असे बजावून त्याने १९९० सालच्या एका सामन्याची हकीकत सांगितली. तिथले जुने लोक त्या सामन्याचे नाव काढले की अजूनही तापतात, म्हणाला. आम्ही आधी हसण्यावारी नेले. पस्तीस वर्षे एका कॉलेजच्या सामन्यावरून तापायचे म्हणजे काय! मग नंतर मिळेल ते वाचत गेलो, आणि लक्षात आले की हसण्यासारखे त्यात फार थोडे आहे.

खेळ समजल्याशिवाय हकीकत कळायची नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. चारांत दहा यार्ड झाले की पुन्हा नव्या चार. नाही झाले की चेंडू समोरच्यांचा. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपार गेले की सहा गुण. घड्याळ सतत चालू असते, म्हणून वेळ संपत आली की खेळाडू कधी कधी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटतो. त्याने घड्याळ थांबते, पण एक संधी खर्ची पडते. कितवी संधी चालू आहे हे दाखवणारी आकड्याची काठी घेऊन एक माणूस मैदानाच्या कडेला उभा असतो. साऱ्या गोष्टीचा जीव या काठीत आहे.

तिकडची विद्यापीठे गटागटाने खेळतात. गटाला कॉन्फरन्स म्हणतात. वर्षानुवर्षे त्याच शेजाऱ्यांशी खेळायचे, त्यामुळे कॉन्फरन्सचे अजिंक्यपद म्हणजे भावकीतला मान असतो. देशात पहिला नंबर आला नाही तरी चालेल, पण शेजाऱ्याच्या वर असले पाहिजे. मध्य अमेरिकेतल्या आठ विद्यापीठांच्या गटाचे नाव होते बिग एट. त्यात नेब्रास्का आणि ओक्लाहोमा हे दोन दादा. कोलोराडो बराच काळ मार खाणाऱ्यांत. १९८२ साली बिल मॅकार्टनी तिथे प्रशिक्षक म्हणून आले, आणि १९८४ च्या हंगामात त्यांच्या संघाने अकरांपैकी फक्त एक सामना जिंकला होता. तिथून चढत चढत १९८९ साली हा संघ कॉन्फरन्सचा विजेता झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा आदल्या हंगामातला मुख्य खेळाडू सॅल औनेसे पोटाच्या कर्करोगाने वारला. वय २१. त्याच्या सोबत्यांनी तो हंगाम त्याच्या नावाने खेळला, ओळीने अकरा सामने जिंकले आणि शेवटी मायामीतल्या ऑरेंज बाउल सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाकडून २१-६ असे हरले. हातातोंडाशी आलेला घास गेला. १९९० साली तीच मुले पुन्हा उभी राहिली. हे सारे सांगायचे कारण असे, की पुढे जे घडले ते लबाडांच्या टोळीने केले असे कुणी समजू नये. घाम गाळलेली, आपला माणूस गमावलेली, भुकेली मुले होती ती.

६ ऑक्टोबर १९९०. मिझुरीतल्या कोलंबिया शहरातले मैदान. कोलोराडोचा त्या हंगामातला कॉन्फरन्समधला हा पहिलाच सामना. सामना संपायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता आणि यजमान मिझुरीचा संघ ३१-२७ असा पुढे होता. कोलोराडोचा एक खेळाडू चेंडू झेलून शेवटच्या रेषेकडे निघाला आणि तीन यार्डांवर पाय घसरून पडला. मैदानावरचे कृत्रिम गवत निसरडे होते. आता तीन यार्ड आणि चार संधी. पहिल्या संधीत चार्ल्स जॉन्सनने चेंडू आपटून घड्याळ थांबवले. दुसरीत एरिक बिएनेमी चेंडू घेऊन घुसला, पण रेषेच्या अलीकडेच अडवला गेला. कोलोराडोने विश्रांती मागितली. आणि इथे काठीवरचा आकडा बदलायचा राहिला. तिसरी संधी आली तरी काठी दुसरीच दाखवीत राहिली. बिएनेमी पुन्हा घुसला, पुन्हा अडला. मग खरोखरीची चौथी, म्हणजे शेवटची संधी आली. पण काठीवर तीन! जॉन्सनने काठी पाहिली आणि घड्याळ थांबवायला चेंडू आपटला. नियमाने सामना तिथेच संपला होता, चेंडू मिझुरीचा. घड्याळात दोन सेकंद होते. पंचांच्या ध्यानात आले नाही. त्यांनी आणखी एक संधी दिली, त्या पाचव्या संधीत जॉन्सन चेंडू घेऊन रेषेवर कोसळला, आणि पंचांनी गुण दिले. तो रेषेपार गेला होता की नव्हता यावरही आजवर वाद आहे, पण तो वाद इथे नको. ३३-३१. कोलोराडो विजयी.

मिझुरीने दाद मागितली. बिग एटचे आयुक्त कार्ल जेम्स यांनी पंचांच्या अख्ख्या चमूला बेमुदत निलंबित केले, आणि निकाल मात्र कायम ठेवला. म्हणजे चूक झाली हे मान्य, चूक करणाऱ्यांना शिक्षा मान्य, पण चुकीतून निघालेला निकाल तसाच. पहिल्या वाचनात आम्हांला याचा रागच आला. नंतर विचार करता वाटले की आयुक्तांचे अगदीच चुकले असेही नाही. प्रत्येक सामना संपल्यावर फिल्म पाहून निकाल फिरवायचे ठरवले तर कोणताही सामना कधी संपणारच नाही. कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या माणसाला निकालाला कुठेतरी शेवट असण्याची किंमत कळते. दिवाण्या दाव्यात दोन पिढ्या खपलेली घरे आपल्याही गावांत आहेत. तेव्हा संस्थेने "आमच्याकडून विषय संपला" म्हणणे समजण्यासारखे आहे.

पण संस्थेचा विषय संपला म्हणून माणसाचा संपतो का? निवाडा आपल्या बाजूने लागला म्हणून दुसऱ्याचा हक आपला होत नाही, हे आपल्या घरांत आजी-आजोबांपासून ऐकवले जाते. निवाडा देणाऱ्याला जेवढे दिसते तेवढ्यावरच तो देतो. लाभ ज्याच्या पदरात पडला त्याला मात्र अधिक माहीत असते. सोमवार उजाडेपर्यंत पाच वेळा खेळलो हे कोलोराडोत सगळ्यांना माहीत झाले होते. मॅकार्टनींना विचारलेही गेले, की विजय सोडून देण्याचा विचार केलात का? विचार केला होता, असे ते म्हणाले; पण मैदान इतके वाईट होते की सोडला नाही.

हे उत्तर वाचून आम्ही बराच वेळ थांबलो. मैदान वाईट होते, हे खरेच. त्यांची मुले वारंवार घसरली, हेही खरे. पण पाचवी संधी आणि निसरडे गवत यांचा एकमेकांशी संबंध काय? एका बाबतीत आपल्यावर अन्याय झाला म्हणून दुसऱ्या बाबतीत चुकून आलेले ठेवून घ्यायचे, हा हिशेब माणूस फार लवकर शिकतो. रेशनच्या दुकानात माप कमी मिळाले म्हणून किराणा दुकानदाराने जास्त दिलेली मोड खिशात घालायची! मॅकार्टनींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होती. तरुणपणी ते स्वतः याच मिझुरी विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेले. ज्यांचे ठेवून घेतले ते परके नव्हते.

याला जोडून आणखी एका सामन्याची गोष्ट सांगायला हवी, कारण पाचवी संधी या खेळात १९९० साली पहिल्यांदाच मिळाली असे नाही. १६ नोव्हेंबर १९४० रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर गावी डार्टमथ आणि कॉर्नेल या विद्यापीठांचा सामना होता. कॉर्नेल ओळीने १८ सामने अपराजित, देशातल्या अव्वल संघांत त्यांची गणना. डार्टमथ ३-० असे पुढे. शेवटच्या काही सेकंदांत कॉर्नेलच्या चार संधी संपल्या. चौथ्या संधीतला पास रेषेपार खाली पडला, चेंडू डार्टमथचा व्हायला हवा होता. पण पंच रेड फ्रिसेल यांची मोजणी चुकली आणि त्यांनी कॉर्नेलला पाचवी संधी दिली. तीत वॉल्टर शॉलने फेकलेला पास बिल मर्फीने झेलला, आणि कॉर्नेल ७-३ जिंकले. नंतर कॉर्नेलचे प्रशिक्षक कार्ल स्नेव्हली यांनी सामन्याची फिल्म पाहिली, संधी मोजल्या. पाच भरल्या. फ्रिसेल यांनीही सोमवारपर्यंत आपली चूक उघड कबूल केली. पंचांच्या संघटनेचे प्रमुख एसा बुशनेल यांचे म्हणणे असे होते, की सामना संपला, आता निकाल बदलण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणजे ५० वर्षांनी बिग एटने जे सांगितले तेच. पण कॉर्नेलने डार्टमथला तार केली: विजयावरचा दावा आम्ही सोडतो, तुमचे अभिनंदन. डार्टमथने तो विजय स्वीकारला. आज नोंदीत निकाल आहे तो डार्टमथ ३, कॉर्नेल ०. पुढच्या शनिवारी कॉर्नेल पेनसिल्व्हेनियाकडूनही २२-२० असे हरले. सचोटीचे बक्षीस लगेच मिळते असे मानणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आमच्या पिढीला अशा वेळी १९८० चा वानखेडेवरचा सामना आठवतोच. पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी परत बोलावले. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. पण विश्वनाथ यांचा निर्णय खेळ चालू असतानाचा, दुरुस्ती व्हायला वाव असतानाचा. कॉर्नेलने केले ते याहून अवघड. घरी येऊन, हारतुरे झाल्यावर, नियम आपल्या बाजूने असताना हातातले सोडायचे!

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रश्न सोपाच आहे, कॉर्नेल चांगले आणि कोलोराडो वाईट. आम्हांलाही काही दिवस असेच वाटत होते. भाच्यानेच आमची ही समजूत मोडली. तो मिझुरीत राहिलेला, तरी म्हणाला, "मामू, दोन्ही गोष्टी एक नाहीत. कॉर्नेलने चौथी संधी पुरती खेळली आणि ते हरले. कोलोराडोने चौथी संधी खेळलीच नाही. काठीवर तीन दिसले म्हणून चेंडू आपटला. काठीवर चार असते तर तो मुलगा आपटला असता का?" बिनतोड मुद्दा होता. काठीने कोलोराडोलाही फसवले होते. चार दिसले असते तर त्यांनी दुसरी चाल केली असती. ती कदाचित जमली असती, कदाचित नसती. कितवी संधी आहे हे खेळणाऱ्यानेही मोजायचे असते हे कबूल. पण हजारो लोकांच्या कल्लोळात, दोन-चार सेकंद उरले असताना, विशीतल्या मुलाने सरकारी काठीवर विश्वास ठेवला तर त्याला गुन्हेगार कसे म्हणायचे?

म्हणून चार्ल्स जॉन्सनवर आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप सोमवारनंतरच्या हिशेबावर आहे. भाच्याचा मुद्दा जेवढा खरा मानाल तेवढे त्यातून काय निघते? एवढेच, की तो सामना नीट खेळला गेला असता तर कोण जिंकले असते हे कुणालाच माहीत नाही. कोलोराडोला "आम्ही हरलो असतोच असे नाही" असे म्हणण्याचा अधिकार होता. पण नोंदवहीत त्यांनी लिहिले ते "आम्ही जिंकलो". या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, तिथे सगळी अडचण आहे. "हे माझे नाही असे सिद्ध होत नाही" इथून निघून "हे माझे आहे" इथवर माणूस किती सहज येतो! जमिनीच्या बांधावर, वाटण्यांत, बहिणीच्या हिश्शात हा प्रवास आपण रोज पाहतो.

आणखी एक अडचण आहे आणि तिचे उत्तर आम्हांला नीट सापडलेले नाही. विजय सोडायचा कोणी? प्रशिक्षकाने? पण विजय काय त्याच्या एकट्याचा होता? सोबत्याला माती देऊन आलेल्या, वर्षभर राबलेल्या मुलांचा विजय एका माणसाने आपल्या विवेकापायी वाटून टाकायचा, हे औदार्य की दुसऱ्याच्या जिवावरचे पुण्य? कॉर्नेलमध्येही निर्णय वडीलधाऱ्यांनीच घेतला. अध्यक्ष एडमंड डे, क्रीडासंचालक जेम्स लायना आणि स्नेव्हली यांनी. मैदानात रक्ताळलेल्या मुलांना त्या सोमवारी काय वाटले असेल? आणि मुलांवर सोपवले तर मुले म्हणणार, आम्ही कोण, वरचे ठरवतील. वरचे म्हणणार, मुलांचे कष्ट आहेत, आम्ही कोण? "आम्ही" हा शब्द मोठा सोयीचा आहे. हा लेख लिहिताना आम्हीही तोच वापरत आहोत. आम्ही जिंकलो, असे संघातला राखीव खेळाडूही म्हणतो, गावातला पानवालाही म्हणतो. आम्ही ठेवून घेतले, असे म्हणायची वेळ आली की त्या "आम्ही"मधून एकेक जण हळूच बाहेर सरकतो.

पुढचे थोडक्यात. कोलोराडोने त्या हंगामात कॉन्फरन्सचे सातही सामने जिंकले आणि बिग एटचे अजिंक्यपद राखले. ऑरेंज बाउलमध्ये पुन्हा नोत्र दाम समोर. या वेळी १०-९ असा एका गुणाने विजय, तोही शेवटच्या मिनिटात नोत्र दामच्या रागिब इस्माईलने ९१ यार्ड धावून केलेले गुण नियमभंगापायी पंचांनी रद्द केल्यावर. (हे नाव आले तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी कान टवकारले, हे कबूल करतो.) पत्रकारांच्या मतदानात कोलोराडो देशात पहिले आले. प्रशिक्षकांच्या मतदानात जॉर्जिया टेकने त्यांना एका गुणाने मागे टाकले.

आता जरा आकडे पाहा. बिग एटमध्ये त्या वर्षी कोलोराडोचे सात विजय, शून्य पराभव. त्यांच्या खालोखाल नेब्रास्का आणि ओक्लाहोमा, दोघांचेही पाच विजय, दोन पराभव. मिझुरीचा तो सामना कोलोराडोने सोडून दिला असता तर त्यांचे सहा विजय आणि एक पराभव झाला असता. म्हणजे बाकी सारे तसेच घडले असते तर अजिंक्यपद तरीही त्यांचेच होते! ऑरेंज बाउलची पात्रताही त्यांचीच. ज्या मुकुटासाठी तो एक सामना मुठीत धरून ठेवला, तो मुकुट त्या सामन्यावाचूनही डोक्यावर आला असता. गेला असता तो देशातला पहिला नंबर, आणि तोही निम्माच मिळाला होता. अर्थात ऑक्टोबरच्या त्या सोमवारी हे कुणाला ठाऊक? पुढे काय होणार हे माहीत नसतानाच सोडायचे की धरायचे हे ठरवावे लागते. मिझुरीने मात्र त्या हंगामात अकरांपैकी चारच सामने जिंकले. ज्याच्याकडे सात होते त्याने एक ठेवून घेतला, आणि ज्याच्याकडे चार होते त्याचा पाचवा गेला.

मॅकार्टनी यांनी १९९४ च्या हंगामानंतर प्रशिक्षकपद सोडले. मधल्या काळात ते धार्मिक कार्यात ओढले गेले होते. १९९० सालीच त्यांनी पुरुषांसाठी एक ख्रिस्ती संघटना स्थापन केली होती. १९९८ साली, म्हणजे सामन्यानंतर आठ वर्षांनी, त्या विजयाबद्दल आपल्याला खरोखर पश्चात्ताप होतो असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. निकाल बदलला नाही; नोंदवहीत आजही ३३-३१ च आहे. या पश्चात्तापाची किंमत काय? आमच्या ओळखीच्या एका वकिलांचे मत, शून्य. वस्तू ठेवून घेऊन मागितलेली माफी ही माफी नव्हे. मत कडक आहे, आणि बरेचसे खरे आहे. तरी आम्हांला ते पुरते पटत नाही. आठ वर्षे त्या माणसाला कुणी विचारत नव्हते. निकाल पक्का, नियम पाठीशी, त्याच्या गावी तो नायक. तरी त्याने तोंड उघडले. त्या काठीपासून त्याची सुटका झाली नव्हती, एवढे तरी यातून दिसते. १० जानेवारी २०२५ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी ते वारले. त्यांचा जन्म ऑगस्ट १९४० चा. म्हणजे कॉर्नेलने ती तार केली तेव्हा हे मूल तीन महिन्यांचे होते.

आता जे लिहायचे आहे ते लिहिण्यासाठीच बहुधा हा सगळा लेख लिहिला. आमच्या नोकरीच्या मधल्या वर्षांत एका वार्षिक परीक्षेत वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला एका देणगीतून पुढच्या वर्षाची फी आणि पुस्तके मिळत, आणि बाहेरच्या फळ्यावर त्याचे नाव रंगवले जाई. त्या वर्षी एका मुलाला ते मिळाले. दुसरी आलेली मुलगी त्याच्यापेक्षा एका मार्काने मागे होती. मे महिन्यात पेपरचे गठ्ठे रद्दीत देण्यापूर्वी आम्ही सहज चाळत होतो, आणि त्या मुलाच्या पेपरची आमचीच बेरीज चार मार्कांनी जास्त झालेली दिसली. आम्ही वरिष्ठांकडे गेलो. ते म्हणाले, निकाल लागला, आठ दिवसांच्या आत तक्रार आली तरच बदल, आता विषय काढू नका. मुलीची तक्रार येणार कुठून? तिच्या पेपरची बेरीज बरोबर होती. दुसऱ्याच्या पेपरात काय झाले हे तिला कसे कळावे? मिझुरीला निदान आपले काय गेले हे माहीत होते.

आम्ही विषय काढला नाही. मुलगा गरीब होता, बाप हमाली करायचा, पुस्तके त्याला मिळाली ते बरेच झाले, असे आम्ही स्वतःला सांगितले. तेही खरेच होते. मैदान निसरडे होते हेही खरेच होते. मुलगी पुढे शिकली, डी.एड. झाली, आज एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचे काही अडले नाही, असे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो. कोलोराडोचे आकडे मांडून पाहिले त्या रात्री हे वाक्य पहिल्यांदा आमच्याच घशात अडकले. अडले नाही हे आम्ही कशावरून ठरवले? एका वर्षाच्या फीसाठी तिच्या घरी काय विकले गेले, काय गहाण पडले, हे आम्ही कधी विचारलेले नाही.

भाचा जाण्याच्या आदल्या दिवशी हे सगळे त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामू, त्या दोघांना सांगितलंत?" मुलाला शोधणे आता कठीण आहे, तो आखातात गेल्याचे ऐकतो. मुलगी दिवाळीच्या सुट्टीत आईला भेटायला गावी येते, आणि न चुकता आमच्या घरी चहाला येते. पेपरचे गठ्ठे तेव्हाच रद्दीत गेले. पण त्या वर्षीची मार्कांची आमची वही आहे, आणि तिच्या समासात पेन्सिलीने केलेली खरी बेरीजही आहे. ती वही कपाटातून काढून आम्ही दिवाणखान्यातल्या टेबलावर ठेवली आहे.